पिशवी काढण्याआधी : ॲडिनोमायोसिससाठी हार्मोनयुक्त साधनाचे परीक्षण

ॲडिनोमायोसिस या गर्भाशयाच्या आजाराचे निदान झालेल्या, मुलेबाळे झालेल्या आणि पाळी जायला अजून काही वर्षे बाकी असलेल्या बाईने पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढण्याचा निर्णय घेण्यापूर्वी लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारे गर्भाशयातील साधन बसवून पाहावे, असे माझे मत ते वापरल्यानंतर झाले आहे. साधन चांगले आहे आणि त्यासाठी मोजलेले पैसे वसूल झाले. त्याच्यासोबत मिळणारी माहिती मात्र अपुरी असते, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांविषयीची, आणि माझ्या ओळखीतल्या ज्या बायांनी ते काढून टाकले त्यांनी ते याच काळात काढले. म्हणून या परीक्षणात मी त्या काळाबद्दल इतर बाबींपेक्षा अधिक लिहिणार आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका कापूस पिकवणाऱ्या गावात राहते आणि जवळच्याच शाळेत शिकवते. घरी कोरडवाहू वावर आहे, त्यामुळे शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी शेतीचे कामही अंगावर असते. हे सांगण्याचे कारण इतकेच की शहरातील नोकरदार बाईला या साधनाचा जो अनुभव येईल, तो दिवसभर वेचणीला जाणाऱ्या, जिथे आडोसा नाही आणि पाणीही नाही अशा ठिकाणी आठ-दहा तास काढणाऱ्या बाईला जसाच्या तसा येणार नाही.

आजाराविषयी थोडे आधी सांगितले पाहिजे, कारण तो समजल्याशिवाय साधनाचा उपयोग समजत नाही. गर्भाशयाच्या आतल्या बाजूला जे अस्तर दर महिन्याला तयार होते आणि पाळीत गळून जाते, त्याच प्रकारच्या ऊती या आजारात गर्भाशयाच्या जाड स्नायूमध्ये, भिंतीत ओल मुरावी तशा शिरलेल्या असतात. हार्मोनच्या चढउतारासोबत त्या तिथेही सुजतात, आजूबाजूचा स्नायू जाड होतो आणि गर्भाशय वाढून गोलसर होते. अंगावरून भरपूर जाणे, गाठी पडणे, पाळीच्या आधीपासून सुरू होणारी आणि कंबर-मांड्यांपर्यंत उतरणारी कळ, ओटीपोटात कायमचे जडपण अशी त्याची लक्षणे आहेत. काही बायांना मात्र कोणताच त्रास होत नाही आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ते दिसते. ऑस्ट्रियातील रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये याचे पहिले वर्णन केले आणि अमेरिकेतील थॉमस कलेन यांनी १९०८ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणजे आजार नवा नाही. पूर्वी पिशवी काढून ती प्रयोगशाळेत तपासल्यावरच त्याची खात्री होत असे. आता योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये तो बऱ्यापैकी ओळखता येतो. तरीही आमच्याकडे रिपोर्टवर लिहिलेले ते लांबलचक नाव कोणी वाचून दाखवत नाही; "पिशवीला सूज आहे" एवढेच सांगितले जाते आणि पुढच्याच वाक्यात ऑपरेशनची तारीख विचारली जाते.

मलाही तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात हेच ऐकायला मिळाले. दोन मुले आहेत, वय चाळिशीच्या पुढे आहे, मग पिशवी ठेवून काय उपयोग, असा तो सवाल होता, आणि गावातल्या शेजारणींचा सूरही त्याहून वेगळा नव्हता. "दोन पोरं झाली नं बाई, मंग आता तिचं काय काम? काढून टाक अन् मोकळी हो," असे मला आपुलकीनेच सांगितले गेले. ज्या बाईला महिन्यातले आठ दिवस जमिनीवर नीट उभे राहता येत नाही तिला हा सल्ला पटतो, आणि काही जणींसाठी तो खरोखरच योग्य असतो. परंतु पर्यायांची नावेसुद्धा न सांगता तो देणे योग्य नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर बायांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचा विषय राज्यभर गाजला होता. अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या सर्व राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. विदर्भात या प्रश्नाची पाळेमुळे आणखी खोल आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांमध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास आढळला होता आणि त्यापूर्वी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बाया १० टक्केही नव्हत्या. दुखणे अंगावर काढायचे आणि अगदीच सहन होईनासे झाले की एकदम ऑपरेशनच करायचे, ही सवय तेव्हापासून कितीशी बदलली, याचा प्रत्येकीने आपल्या घरापुरता विचार करावा.

आता साधनाविषयी. हे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे, साधारण ३२ मिलिमीटर लांबीरुंदीचे मऊ प्लास्टिकचे साधन आहे. त्याच्या उभ्या दांड्यावर ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल साठवलेले असते आणि ते सुरुवातीला दिवसाला सुमारे २० मायक्रोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणात गर्भाशयातच झिरपत राहते. पाच वर्षांनंतर हे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते. फिनलंडमध्ये विकसित झालेले हे साधन तिथे १९९० मध्ये बाजारात आले, अमेरिकेत त्याला २००० मध्ये गर्भनिरोधनासाठी आणि २००९ मध्ये पाळीतील अतिरक्तस्रावासाठी मान्यता मिळाली. मिरेना हे त्याचे मूळ आणि सर्वांत परिचित नाव. आपल्या देशात केंद्र सरकारच्या मालकीच्या एचएलएल लाईफकेअर कंपनीचे एमिली हे त्याच प्रकारचे साधनही मिळते. कमी हार्मोनची, आकाराने लहान अशी साधनेही जगात विकली जातात, पण ती गर्भनिरोधनासाठी आहेत. ॲडिनोमायोसिससाठी जे अभ्यास झाले ते प्रामुख्याने ५२ मिलिग्रॅमच्या साधनावरचे आहेत आणि विचारताना हा आकडा लक्षात ठेवून विचारावे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट केली पाहिजे. ॲडिनोमायोसिसवरचा उपाय अशी अधिकृत नोंद या साधनाच्या माहितीपत्रकात नसते. गर्भनिरोधन आणि अतिरक्तस्राव या नोंदींच्या आधारे आणि वाढत गेलेल्या अनुभवाच्या आधारे डॉक्टर ते या आजारात वापरतात. इटलीत १९९७ मध्ये २५ बायांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासापासून पुढे अनेक देशांत त्याचा उपयोग तपासला गेला आहे. २०११ मध्ये तुर्कस्तानात पिशवी काढलेल्या आणि हे साधन बसवलेल्या बायांची एक वर्षापर्यंत तुलना झाली, तेव्हा हिमोग्लोबिनमधील सुधारणा दोन्हीकडे सारखीच दिसली. म्हणजे हा अंधारात मारलेला तीर नाही, परंतु सर्व प्रश्नांची उत्तरे मिळालेली आहेत असेही नाही.

आमच्याकडे गर्भाशयात बसवायच्या कोणत्याही साधनाला तांबीच म्हणतात, आणि त्यामुळे माझ्या सासूबाईंनी सुरुवातीला ठाम विरोध केला, कारण त्यांच्या काळात तांबी बसवलेल्या बायांच्या अंगावर जास्त जात असे. त्यांचा अनुभव खरा होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळणाऱ्या तांब्याच्या साधनाने पाळीतला रक्तस्राव आणि कळ वाढू शकते, आणि ॲडिनोमायोसिस असलेल्या बाईने ते बसवून घेणे म्हणजे दुखण्यात भर घालणेच होय. हार्मोनच्या साधनाचा परिणाम याच्या नेमका उलट आहे. त्यातील हार्मोनमुळे गर्भाशयाचे अस्तर पातळ आणि निष्क्रिय होते, त्यावर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा होणारा परिणाम मंदावतो आणि कळ निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये कमी तयार होतात. अंडाशये मात्र बहुतेक बायांमध्ये आपले काम करत राहतात, त्यामुळे पाळी आली नाही तरी ती 'गेली' असे होत नाही, आणि हाडांना, हृदयाला लागणारे इस्ट्रोजेन शरीराला मिळत राहते. पिशवी काढताना अंडाशयेही काढली तर पन्नाशीच्या आधीच शरीरावर जो परिणाम होतो तो लक्षात घेता, हा फायदा मला फार मोलाचा वाटतो.

बसवण्यापूर्वी काही तपासण्या आवश्यक असतात आणि त्या टाळून कोणी लगेच बसवून देत असेल तर मी तिथे बसवणार नाही. गरोदरपण नाही याची खात्री, जंतुसंसर्ग नाही याची खात्री, गर्भाशयाच्या मुखाची पॅप तपासणी (कर्करोगाची शंका घेण्याजोग्या पेशी पाहणारी), सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन एवढे तर हवेच. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल किंवा रक्तस्रावाचे स्वरूप संशयास्पद असेल तर अस्तराचा तुकडा घेऊन तपासणेही गरजेचे असते, कारण त्यामागे कर्करोग लपलेला नाही हे आधी कळले पाहिजे. सोनोग्राफीत गर्भाशयाचा आकार किती आहे हे नक्की विचारावे. गर्भाशय खूप मोठे असेल, म्हणजे डॉक्टर 'बारा आठवड्यांच्या गरोदरपणाएवढे' म्हणतात त्याहून वाढलेले असेल, तर साधन निसटण्याची आणि उपयोग न होण्याची शक्यता वाढते. अशा वेळी काही डॉक्टर आधी गर्भाशयाचा आकार कमी करणारी इंजेक्शने काही महिने देऊन मग साधन बसवतात.

बसवण्याचे काम काही मिनिटांचे आहे आणि बहुधा पाळीच्या पहिल्या सात दिवसांत केले जाते. त्या वेळी कळ येते. ती किती येते हे बाईनुसार बदलते. मला ती बाळंतपणाच्या सुरुवातीच्या कळेइतकी वाटली आणि ती लवकरच ओसरली, पण संध्याकाळपर्यंत ओटीपोटात दुखत राहिले. काळी-पिवळीत दाटीवाटीने बसून खड्ड्यांच्या रस्त्याने लगेच परत येण्यापेक्षा त्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी नातेवाइकांकडे थांबण्याची सोय असेल तर थांबावे. वेदनाशामक गोळी आधी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे; आपण विचारले नाही तर ते सांगतीलच असे नाही.

यानंतरचे तीन ते सहा महिने हा या साधनाचा सर्वांत अवघड भाग आहे. पाळीचे वेळापत्रक पूर्णपणे बिघडते. जोराचा रक्तस्राव हळूहळू कमी होतो, पण त्याच्या जागी रोजचे डाग येतात, कधी तपकिरी तर कधी लाल, आठवडाभर थांबतात आणि पुन्हा सुरू होतात. अस्तर पातळ होत असताना हे होणे अपेक्षित आहे आणि त्यात धोका नाही. परंतु ज्या घरात पाळीचा विटाळ पाळला जातो त्या घरात याचा अर्थ काय होतो, याचा विचार कोणत्याही माहितीपत्रकात केलेला मी पाहिला नाही. पूर्वी महिन्यातले पाच-सात दिवस बाजूला बसावे लागे. आता डाग लागला की शिवायचे की नाही, स्वयंपाक करायचा की नाही, देवघरात जायचे की नाही, हा प्रश्न रोज सकाळी नव्याने उभा राहतो. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात आणि सोळा भाज्यांचा तो स्वयंपाक घरच्या सुनेनेच करायचा असतो. साधन बसवलेल्या माझ्या ओळखीच्या एका बाईने डाग थांबत नाहीत म्हणून महालक्ष्म्यांच्या आधीच ते काढून घेतले, आणि पुढच्या पाळीपासून तिचे जुने दुखणे परत आले. आमच्या घरात हा प्रश्न मी आणि सासूबाईंनी बोलून सोडवला. हा दवाखान्याचा डाग आहे, पाळी नव्हे, असा निर्णय त्यांनीच घेतला आणि मग जावेनेही काही विचारले नाही. प्रत्येक घरात असा निर्णय होईलच असे नाही, पण साधन बसवण्यापूर्वी हे बोलणे करून घ्यावे, नंतर नव्हे.

कामाच्या हंगामाचाही विचार करावा. कापसाच्या पट्ट्यात दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होते आणि पुढे काही महिने चालते. त्या काळात दिवसभर वावरात असताना कधी डाग लागेल याचा भरवसा नसणे फार त्रासाचे होते. मी वेचणी आटोपल्यावर साधन बसवले, त्यामुळे डागांचा सर्वांत वाईट काळ उन्हाळ्यात गेला. याचा तोटा असा की आमच्याकडे चैत्र-वैशाखात विहिरी तळाला जातात आणि फडकी धुवायला पाणी पुरत नाही, म्हणून त्या काळापुरते पॅड वापरणे भाग पडले. धानाच्या पट्ट्यातल्या, म्हणजे भंडारा-गोंदियाकडच्या बायांनी रोवणीचे दिवस टाळावेत. चिखलात दिवसभर वाकून रोवणी करताना हा त्रास नको. शेतीचे वेळापत्रक डॉक्टरांना माहीत नसते, ते आपणच सांगावे लागते.

याच काळात रक्तवाढीच्या गोळ्या बंद करू नयेत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक बायांना रक्तक्षय आहे. ज्या बाईच्या अंगावरून वर्षानुवर्षे जात आहे तिच्यात तो बहुधा असतोच; माझे हिमोग्लोबिन साधन बसवण्यापूर्वी ७ च्या घरात होते आणि लोहाची सलाईन घ्यावी लागली होती. साधन रक्ताची गळती थांबवते, गेलेले रक्त भरून काढत नाही, आणि हा फरक समजला नाही तर बाई "साधनाने काही फरक पडला नाही, थकवा तसाच आहे" असे म्हणू लागते.

सहा महिन्यांनंतर चित्र बदलले. अतिरक्तस्राव असलेल्या बायांमध्ये हे साधन तीन ते सहा महिन्यांत रक्तस्राव साधारण ८० ते ९० टक्क्यांनी कमी करते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ॲडिनोमायोसिसमध्ये परिणाम थोडा उशिरा आणि थोडा कमी येऊ शकतो, आणि माझ्या बाबतीत तो उशिराच आला. पण आला. पाळीच्या दिवसांत दुहेरी पॅड आणि वर फडके लावून शाळेत जाणे थांबले. गाठी बंद झाल्या. पुढे पाळी दोन-तीन महिन्यांतून एकदा, नावापुरती येऊ लागली आणि हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले. सर्वांत मोठा फरक पायऱ्या चढताना जाणवला. पूर्वी शाळेच्या जिन्यावर मध्येच थांबून श्वास घ्यावा लागे. कळ मात्र पूर्णपणे गेलेली नाही. ती पूर्वीसारखी लोळवत नाही, पण महिन्यातून एक-दोन दिवस कंबर धरतेच, आणि मेफेनॅमिक ॲसिडची गोळी अजूनही पाकिटात असते. रक्तस्रावासाठी मी या साधनाला जितके गुण देईन तितके कळेसाठी देणार नाही.

पाळी न येण्याबद्दल गावात जे बोलले जाते त्याचेही उत्तर दिले पाहिजे. खराब रक्त आत साठते, ते डोक्यात चढते, नजर कमी होते, अंग फुगते, असे मला वेगवेगळ्या बायांनी सांगितले आणि त्यांची काळजी खरी होती. वर्षभरात साधारण पाचपैकी एका बाईची पाळी या साधनाने पूर्णपणे थांबते. पाळीत जे बाहेर येते ते अस्तर आणि त्यासोबतचे रक्त असते. अस्तरच तयार झाले नाही तर बाहेर यायला काही नसते आणि आत साठायलाही काही नसते. आशाताईंनी हे एका बैठकीत पाच मिनिटांत समजावून सांगितले, तर पुढचा निम्मा गोंधळ टळेल असे मला वाटते.

दोषांचे बोलायचे तर ते आहेत. पहिल्या काही महिन्यांत काही बायांना चेहऱ्यावर मुरुमे येतात, स्तन दुखतात, डोके दुखते किंवा मन उदास होते. मला मुरुमांचा त्रास झाला, तो पुढे कमी झाला. अंडाशयावर पाण्याच्या गाठी दिसू शकतात, त्या बहुतेक वेळा आपोआप जिरतात, म्हणून सोनोग्राफीत 'सिस्ट' हा शब्द वाचून लगेच ऑपरेशनला तयार होऊ नये. साधन आपोआप बाहेर पडण्याची शक्यता असते आणि मोठ्या गर्भाशयात, जास्त रक्तस्राव असताना ती अधिक असते. बसवताना गर्भाशयाला छिद्र पडणे दुर्मीळ आहे, साधारण हजारात एक. डेन्मार्कमधील २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासात हे साधन वापरणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण किंचित जास्त आढळले, दर दहा हजार बायांमागे सुमारे १४ जास्त. हा आकडा लहान आहे, पण घरात कोणाला स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर डॉक्टरांशी त्याबद्दल बोलावे, आणि स्वतःला झालेला असेल तर हे साधन बसवूच नये. कारण न कळलेला रक्तस्राव, ओटीपोटातील चालू जंतुसंसर्ग किंवा यकृतातील गाठ असेल तरीही ते बसवत नाहीत.

इतर उपायांशी तुलना करताना मी स्वतः आधी घेतलेल्या औषधांबद्दलच खात्रीने बोलू शकते. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांनी पाळीचे ते चार दिवस निभावतात, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. नॉरएथिस्टेरॉन या हार्मोनच्या गोळ्यांनी रक्त थांबते, पण गोळ्या बंद केल्या की पुन्हा धो धो सुरू होते. आमच्याकडे सणवाराला किंवा पंढरीच्या वारीला जाताना पाळी पुढे ढकलण्यासाठी त्या इतक्या सर्रास घेतल्या जातात की त्याही औषध आहेत हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. डायनोजेस्ट या हार्मोनची रोजची गोळी कळेवर चांगली आहे असे डॉक्टर सांगतात आणि ज्यांना साधन नको त्यांनी तिचा विचार करावा, परंतु तालुक्याच्या औषध दुकानात ती नियमित मिळाली पाहिजे आणि एकही दिवस न चुकवता घेतली पाहिजे. पेरणीच्या दिवसांत माझ्या हातून रोजची गोळी नेमाने घेतली गेली असती, असे मला वाटत नाही. साधनाला आठवण ठेवावी लागत नाही, हाच त्याचा खेड्यातला सर्वांत मोठा गुण आहे.

ज्यांना पुन्हा मूल हवे आहे त्यांनाही साधन उपयोगी आहे, कारण ते काढल्यावर गर्भधारणेची क्षमता परत येते. आणखी एक बाब पूर्व विदर्भातील वाचकांसाठी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेल असलेल्या बाईला हार्मोनचे साधन बसवण्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार कोणतीही आडकाठी नाही, आणि मुळातच रक्त कमी असलेल्या अशा बाईचा रक्तस्राव कमी होणे हा तिच्यासाठी दुहेरी फायदा आहे. तरीही बसवण्यापूर्वी आपले सिकलसेल कार्ड डॉक्टरांना दाखवावे.

किंमत ही खरी अडचण आहे. सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात तांब्याचे साधन, अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळ्या मोफत मिळतात. हे साधन त्या नेहमीच्या यादीत नाही. परदेशी साधनासाठी काही हजार रुपये मोजावे लागतात, देशी साधन त्याहून बरेच स्वस्त पडते, आणि बसवण्याची फी दवाखान्यानुसार वेगळी लागते. मजुरीवर जगणाऱ्या बाईला ही रक्कम एकदम देणे कठीण आहे. तरी पाच वर्षांचा हिशेब मांडला तर दर महिन्याच्या गोळ्या, सलाईन, बुडालेली मजुरी आणि ऑपरेशननंतरची सक्तीची विश्रांती यांपेक्षा ते महाग पडत नाही. खासगी दवाखान्यात जाण्यापूर्वी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा यवतमाळ-नागपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये येथे चौकशी करावी, कारण अशा ठिकाणी सोनोग्राफी, अस्तराची तपासणी आणि साधन बसवणे एकाच छताखाली होऊ शकते. पाकिटावरील नाव, ५२ मिलिग्रॅमचा आकडा आणि मुदतीची तारीख स्वतः वाचून घ्यावी आणि बसवल्याची तारीख लिहिलेले कार्ड आधार कार्डासोबत ठेवावे.

बसवल्यानंतर महिना-दीड महिन्याने तपासणीला जाणे आवश्यक आहे; साधनाचे धागे जागेवर आहेत की नाहीत हे तेव्हा पाहतात. त्यानंतर धागे स्वतः बोटाने तपासता येतात, पण अनेक बायांना ते जमत नाही किंवा नकोसे वाटते, अशा वेळी वर्षातून एकदा सोनोग्राफी करून घेणे सोयीचे. अचानक पुन्हा भरपूर रक्त जाऊ लागले, जोराची कळ आली, ताप आला किंवा दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाला तर वाट पाहू नये.

आणि मुदतीबद्दल शेवटचे. गर्भनिरोधनासाठी हे साधन अमेरिकेत आठ वर्षांपर्यंत मान्य आहे, म्हणून ॲडिनोमायोसिसमध्येही तितकी वर्षे निश्चिंत राहता येईल असे समजू नये. काही अभ्यासांत दोन वर्षांपर्यंत कमी झालेला गर्भाशयाचा आकार तिसऱ्या वर्षात पुन्हा थोडा वाढलेला दिसला आहे. माझ्या सोनोग्राफीत अजून तसे दिसलेले नाही. दिसले आणि रक्तस्राव परत आला, तर साधन मुदतीआधी बदलायचे, सोबत डायनोजेस्ट घ्यायचे की शस्त्रक्रियाच करायची, हे मी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवले आहे. पाळी जायच्या वयापर्यंत रक्तस्राव असाच आटोक्यात राहिला, तर साधन तेव्हा काढून टाकायचे आणि पिशवी तशीच राहू द्यायची असे आमचे ठरले आहे.